काडी नाही, मासा आहे: तापीकाठचा सुईमासा कसा पाहावा

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आबा तापीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाग फेकत होते आणि मी काठच्या खडकावर भाकरीचं फडकं सांभाळत बसले होते. समोर पाण्यावर वीतभर लांबीची एक वाळकी काडी तरंगत होती. मी ती उचलायला हात घातला तसे आबा म्हणाले, “ती काडी नही शे, मासा शे.” माझी बोटं पाण्याला टेकली आणि काडी नाहीशी झाली. पाणी हललंसुद्धा नाही.

आज मी तापीकाठच्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की आठवी-नववीची पाच-सहा पोरं घेऊन नदीवर जाते, ती या एकाच माशासाठी. रोहू-कटला त्यांनी बाजारात पाहिलेले असतात, वाम आणि मरळ घरी खाल्लेले असतात. सुईमासा मात्र त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर उभा असतो आणि त्यांना दिसत नाही. तो कसा पाहायचा हे मला खूप जण विचारतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

नावाचं आधी सांगते. आमच्या काठावर प्रत्येकाच्या तोंडी याचं नाव वेगळं. मी सुईमासा म्हणते, कारण पोरांना ते लगेच कळतं. कोकणात याच्या समुद्रातल्या भाऊबंदांना टोळ म्हणतात. शास्त्रीय नाव झेनेंटोडॉन कॅन्सिला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवर लिहिताना याची नोंद केली. त्यातलं ‘कॅन्सिला’ हे बंगालमधल्या कोळ्यांच्या तोंडच्या ‘कांकिला’ या नावावरून आलं आहे. मला याचं फार बरं वाटतं. जगभरच्या पुस्तकांत या माशाला जे नाव आहे, ते आमच्यासारख्याच कुणा मासेमार घरातलं आहे. पाकिस्तान, भारत, श्रीलंका ते थेट मेकाँग नदीपर्यंत हा मासा सापडतो.

आता पाहायचं कसं. पहिली गोष्ट म्हणजे पाण्यात खोल बघायचं नाही. नदीवर गेलं की माणसाची नजर आपोआप तळाकडे जाते. सुईमाशाचा सगळा संसार पाण्याच्या वरच्या चार बोटांत असतो. त्याचं शरीर त्या चार बोटांसाठीच घडलं आहे. नजर पाण्याच्या सायीवर ठेवा. दुधावरची साय जशी आपण तिरक्या नजरेने बघतो, तसं.

वेळ: पावसाळ्यात तापी गढूळ असते, तेव्हा काही दिसणार नाही. कार्तिकात पाणी निवळायला लागतं आणि तिथून होळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. सकाळी ऊन अंगावर येतं तेव्हापासून नऊ वाजेपर्यंत, नाहीतर संध्याकाळी गुरं परततात त्या वेळी. एप्रिल-मेमध्ये पाणी आटून मासे डोहात गोळा होतात, त्यामुळे ते दिसायला सोपे जातात. पण आमच्याकडचं ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतं आणि दहानंतर खडकावर तळहात ठेववत नाही. पोरांना घेऊन जाणार असाल तर तेव्हा नका जाऊ. वारा सुटलेला असेल तर सरळ घरी परत या. पाण्यावर बारीक लहरी उठल्या की सुईमासा असून नसल्यासारखा.

जागा: पाणी जिथं दम खातं तिथं शोधा. मधल्या धारेत तो थांबत नाही. केटी वेअरच्या, म्हणजे छोट्या बंधाऱ्याच्या, मागे साचलेलं पाणी, घाटाच्या पायऱ्यांचा कोपरा, पाण्यावर वाकलेल्या बाभळीची सावली, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या हिरव्या पट्ट्याची बाहेरची कड. हतनूर धरणाच्या फुगवट्याच्या कडेला, चांगदेवला पूर्णा तापीला मिळते तिथल्या संथ काठाला, प्रकाशाच्या घाटाशी असं पाणी मिळतं. गिरणेवर जाणार असाल तर मोठा डोह शोधा. वाळू उपसून जिथं काठच उभा कापला आहे तिथं वेळ घालवू नका, ते पुढे सांगते.

काठावर पोचण्याची रीत सगळ्यात महत्त्वाची आहे आणि पोरं नेमकी तिथेच चुकतात. सुईमाशाचे डोळे मोठे असतात आणि तो पाण्याच्या अगदी वर असतो, म्हणजे काठावरचं सगळं त्याला दिसतं. फक्त प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे काठालगत जे ठेंगणं आहे ते त्याच्या नजरेत एका कडेला दबून जातं. आपण उभे राहिलो की आपण त्याच्या आभाळात येतो. बसलो की काठाचा भाग होतो. म्हणून काठाच्या दहा पावलं आधीपासून वाकून चला आणि शेवटची तीन-चार पावलं बसूनच सरका. धपधप पाय टाकू नका, जमिनीचा हादरा पाण्यात उतरतो. ऊन पाठीवर घेऊ नका, सावली पाण्यावर पडते. ते एका बाजूने येऊ द्या. पांढरा शर्ट नको. माझ्याकडे एक जुनी मातकट ओढणी आहे, ती मी डोक्यावरून घेते. ज्यांच्याकडे पोलराइज्ड चष्मा आहे त्यांनी तो जरूर न्यावा, पाण्यावरची चकाकी निम्म्याने कमी होते.

आणि मग पंधरा मिनिटं काहीही करू नका. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. तुम्ही आल्यावर जे मासे आत सरकले ते तेवढ्या वेळात परत येतात.

या पंधरा मिनिटांत शोधायच्या त्या सरळ रेषा. पाण्यात सरळ रेष फार थोड्या गोष्टींची असते: बोरूची काडी, कपाशीची वाळकी पळाटी, आणि हा मासा. काडी आणि मासा वेगळे कसे करायचे? काडी वाहते, मासा जागा धरून राहतो. पाणी कितीही संथ वाटलं तरी काडी बोटभर का होईना सरकतेच. जी सरकत नाही ती बघा. मग तिच्या पुढच्या भागाकडे नजर लावा. डोळ्यामागे दोन पारदर्शक पर सारखे थरथरताना दिसतील, कुल्फीवाल्याच्या गाडीवरच्या झिरमिळ्यांसारखे. दुसरी खूण तळावर आहे. उथळ पाण्यात वाळूचा तळ असेल तर मासा दिसण्याआधी त्याची सावली दिसते. पाठ हिरवट असल्यामुळे मासा पाण्यात मिसळून जातो, सावलीला मात्र लपता येत नाही. माझी एक विद्यार्थिनी आहे, ती नेहमी सावलीवरूनच मासा शोधते आणि माझ्याही आधी शोधते.

एकदा दिसला की अंगाकडे बघायला शिका. बहुतेक वीत-दीड वीत लांबीचे दिसतील, हा मासा ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दोन्ही जबडे लांब होऊन त्यांची चोच झालेली असते आणि चोचभर बारीक, टोकदार दात. वामही लांबच असते, पण ती तळाशी, चिखलात, दगडाखाली राहते आणि तिला अशी दातेरी चोच नसते. त्या दोघांत गोंधळ व्हायचं काही कारण नाही. मेलेला मासा हाती आला तर डोक्यावरून बोट फिरवा, मधोमध लांब खाच लागेल. ती या जातीची पक्की खूण. अंगाच्या बाजूने चंदेरी पट्टा जातो, त्याला काळसर किनार असते. मोठ्या माशांच्या अंगावर छातीपासून मागे चार-पाच काळपट डाग असतात. नराच्या पाठीवरच्या आणि खालच्या पराची कड बऱ्याचदा काळी असते.

आता ते दोन पर बघा. पाठीवरचा आणि पोटाखालचा, दोन्ही अगदी मागे, शेपटीला लागून, एकमेकांच्या वर-खाली. रोहूचा पाठीचा पर पाठीच्या मध्यावर असतो, कारण रोहूला दिवसभर फिरायचं असतं. सुईमाशाला फिरायचं नसतं. त्याला थांबायचं असतं आणि एकदाच सुटायचं असतं. बाणाची पिसं मागे असतात तसे त्याचे पर मागे. आणखी एक गोष्ट मी पोरांना नेहमी दाखवते. माशाच्या अंगावर पाण्यातली हालचाल ओळखणारी एक रेघ असते. बहुतेक माशांत ती अंगाच्या मध्यावरून जाते, याच्या मात्र पोटाच्या कडेने. वरचं डोळ्यांनी बघायचं, खालचं या रेघेने ऐकायचं. पाण्याच्या सायीखाली राहणाऱ्याला हेच हवं.

शिकार बघायला मिळाली तर तुमचं नशीब. मी ती अगदी जवळून, दोन हातांवरून, पहिल्यांदा नीट पाहिली ती हतनूरच्या फुगवट्यावर, पाण्यात बुडालेल्या एका बांधाशेजारी. चांदीच्या टिकल्यांसारखी बारीक मासळी थव्याने कडेकडेने येत होती. सुईमासा हलला नाही. थवा जवळ आला तसा तो पुढे सरकला, पण पोहला असं म्हणता येणार नाही, कुणीतरी दोऱ्याने ओढावं तसा सरकला. अंग ताठच. मग शेपटीकडचा भाग किंचित वाकला. मला वाटत होतं की तो भाल्यासारखा समोर घुसेल. तसं झालं नाही. पापणी लवते न लवते तोच त्याने डोकं आडवं फिरवलं, विळ्याने गवत कापावं तसं. थवा फुटून पाण्याबाहेर उडाला आणि चोचीत एक मासळी आडवी धरलेली होती.

पुढची दोन मिनिटं त्याहून बघण्यासारखी होती. आडवी मासळी गिळता येत नाही. तो ती दातांत सोडत-धरत, सोडत-धरत फिरवत राहिला, तिचं डोकं घशाकडे येईपर्यंत. डोक्याकडून गिळली की खवले आणि पर मिटतात, अडकत नाहीत. दोनदा मासळी सुटेलसं वाटलं. सुटली नाही. गिळून झाल्यावर तो परत आपल्या जागी येऊन काडी झाला.

मासळी हे त्याचं मुख्य खाणं, पण झिंगे, पाण्यावर पडलेले किडे, बेडकाची लहान पिल्लंही तो घेतो. संध्याकाळी दिव्याभोवतीचे किडे पाण्यात पडतात तिथे तो हमखास येतो.

आई भुसावळच्या बाजारात मासे विकायची. जाळ्यात आलेले चार-दोन सुईमासे गिऱ्हाईक घेत नसे, काटे फार म्हणून. ते घरी यायचे. आई ते काळ्या मसाल्यात घोळून तव्यावर कडक करायची, काटेसुद्धा चावून खाता यायचे. मासा चिरताना ती मला आतडं दाखवायची: घशापासून मागपर्यंत एक सरळ नळी, मध्ये पिशवी नाहीच. कॉलेजात गेल्यावर कळलं की आई बरोबर दाखवत होती. या गणातल्या माशांना वेगळं जठर नसतंच. उडणारे मासे याच गणातले. सुईमासा घाबरला की पाण्याबाहेर झेप घेतो तेव्हा ते नातं मला दिसतं. समुद्रातल्या काही चुलत्यांची हाडं चक्क हिरवी असतात, बिलिव्हर्डिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. खायला त्याचा काही अपाय नाही.

अंडी शोधायची असतील तर पाऊस सुरू झाल्यावर काठालगतच्या पाणवनस्पतीत बघा. मात्र पुराच्या पाण्यात कुणीही उतरू नये. धरणाचे दरवाजे उघडणार असल्याचा भोंगा किंवा दवंडी झाली असेल तर काठालाही थांबू नये. संथ बाजूला, हात पोचेल एवढ्याच अंतरावर, हायड्रिलाची एखादी फांदी किंवा जलपर्णीच्या मुळांचा झुपका पाण्यातल्या पाण्यातच अलगद वळवून बघा. बाजरीच्या दाण्याएवढं, काचेसारखं गोल अंडं दिसेल, एकेकटं किंवा दोन-चार. त्याला बारीक धागे असतात आणि त्या धाग्यांनी ते वनस्पतीला गुंडाळलेलं असतं. भिंग असेल तर आतल्या पिल्लाचा डोळा दिसतो, आधी एक काळा ठिपका आणि काही दिवसांनी फिरणारा डोळा. आठ-दहा दिवसांत पिल्लू बाहेर येतं.

रोहूची मादी एका वेळी लाखांनी अंडी सोडते. सुईमाशाची मादी थोडी आणि मोठी अंडी घालते, रोज काही. म्हणून काठाची एक फांदी उपटली तर रोहूचं काही बिघडत नाही, याचं बिघडतं. अंडं दिसलं की फांदी होती तशीच, त्याच खोलीवर, त्याच सावलीत सोडा. मोबाईलवर फोटो काढण्यासाठी ती पाण्याबाहेर उचलू नका.

या कुळातली बरीच पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांना चोच नसते. आधी खालचा जबडा लांब होतो, वरचा मागून येऊन त्याला गाठतो. त्या मधल्या दिवसांत पिल्लू अगदी वेगळ्याच माशाचं वाटतं. काठाच्या गवतात अशी लांब खालच्या ओठाची, दाभणासारखी बारीक पिल्लं दिसली तर दुसऱ्या जातीची समजून सोडून देऊ नका, आठवड्याने परत या.

आता एक गोष्ट सांगते, जी आठवली की अजून जीव खालीवर होतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची तीन फुटी टाकी आणली आणि त्यात एक सुईमासा सोडला. पोरांना रोज बघता येईल एवढाच विचार होता. दोन दिवस तो कोपऱ्यात वर उभा होता. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी दार आपटलं. तो सुटला आणि समोर काच होती. चोचीचा पुढचा भाग मोडून लोंबत राहिला. मोडलेल्या चोचीने त्याला मासळी धरता येईना. मी बारीक झिंगे सोडले, किडे सोडले. आठव्या दिवशी तो गेला. ज्या सुटकेवर तो नदीत जगतो तीच त्याला टाकीत मारते. त्याला काच समजत नाही आणि थांबायला अंतर नसतं. शहरात ही जात टाकीसाठी विकली जाते हे मला माहीत आहे. तुमच्याकडे आधीच असेल तर टाकी उंचीपेक्षा लांबी-रुंदीला मोठी हवी, वर घट्ट झाकण, पाण्यावर तरंगती झाडं, खोलीत अंधूक उजेड, आणि दिवा एकदम लावायचा नाही. नसेल तर आणू नका.

जाळ्यात अडकलेला सोडवायचा असेल तर आधी हात ओले करा. कोरड्या हाताला अंगावरचा बुळबुळीत थर लागून निघून जातो आणि मग तिथे बुरशी धरते. चोचीला धरून ओढू नका. दात जाळ्याच्या धाग्यात मागच्या बाजूने गुंततात, ओढलं की जास्त आवळतात. आबा अशा वेळी जाळ्याचे दोन घर कापायचे. जाळं नंतर विणता येतं म्हणायचे. मासा पाण्यातच आडवा धरा, अंगाखाली तळहात ठेवा, तो आपणच निघून जातो.

रात्री बॅटरी घेऊन जायचा मोह होतो. जाऊ नका. उजेडाकडे हे मासे झेपावतात आणि चोच टोकदार आहे. समुद्रातल्या मोठ्या जातींनी रात्री होडीतल्या दिव्याकडे उडी मारून माणसांना गंभीर जखमा केल्या आहेत. आमचा नदीतला लहान असतो, पण डोळा एवढासाच असतो.

वाळूचं राहिलं. वाळू उपसली की नदीचा उथळ, उतरता काठ जातो आणि उभी कड उरते. उभ्या कडेला पाणवनस्पती धरत नाही. वनस्पती नाही तर अंड्याला गुंडाळायला जागा नाही. गिरणेच्या ज्या वळणावर मी लहानपणी एका सकाळी अकरा सुईमासे मोजले होते, तिथे आता खड्डे आहेत आणि गेल्या चार हिवाळ्यांत मला तिथे एकही दिसला नाही. दुसरं, कपाशीवर फवारणी झाली की पंप नदीवर आणून धुतात. विष पाण्याच्या वरच्या थरात, काठाला पसरतं आणि हा मासा नेमका तिथेच राहतो. पंप शेतातच धुवा, ते पाणी बांधावरच्या खड्ड्यात जिरू द्या. माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरी मी हे जाऊन सांगते. दोन घरांनी ऐकलं आहे.

वही न्या. तारीख, वेळ, जागा, पाणी निवळ की गढूळ, वारा आहे की नाही, किती मासे, एकेकटे की थव्याने, अंदाजे लांबी. लांबीसाठी काठीवर आधीच वीतभराच्या खुणा करून ती पाण्याकडेला आडवी ठेवा आणि मग बसा. मासा काठीजवळून गेला की आपोआप मोजला जातो. चित्र काढता आलं तर फोटोपेक्षा बरं, कारण चित्र काढताना पर किती मागे आहेत ते हाताला कळतं. चुकीचं चित्र आलं तर खोडू नका, शेजारी दुसरं काढा.

सोबत पाणी, कळण्याची भाकरी आणि ठेचा असू द्या. भाकरीचे तुकडे पाण्यात टाकू नका. मासळी गोळा होईल, पण त्या गडबडीत सुईमासा आत सरकेल आणि पंधरा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतील.